पुन्हा पहिल्यापासून

बीदरजवळच्या निर्णा गावची अंबिका डाळमिलमध्ये तूर निवडायला जायची. चोवीस वर्षांची असताना मिलच्या मुकादमानं गोदामात तिच्यावर बळजबरी केली. त्याला चार वर्षं झाली. मुकादम जामिनावर सुटून गावभर मोटारसायकल उडवत फिरतो; अंबिका घरात.

घरची माणसं वाईट नव्हती, हेच अवघड. आई वच्छलाबाई तिला कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीतसुद्धा एकटीला जाऊ देत नसे. बंद खोलीत शिरलं की अंबिकाचा श्वास कोंडायचा, हातपाय गार पडायचे. काका गुंडेराव म्हणायचे, ही बाहेरची बाधा. दर अमावास्येला ते तिला गाणगापूरला नेत.

"मला कुणी झपाटलं न्हाई काका. मला त्या माणसानं..." एवढ्यावर आई तोंडाला पदर लावायची आणि बोलणं तिथंच तुटायचं.

भांडूनतंडून अंबिका बीदरच्या एका समुपदेशन केंद्रात जायला लागली. आई दर खेपेला सोबत यायची आणि दाराबाहेर बसायची. तिथल्या बाईंनी घाई केली नाही. पाचव्या खेपेला ती सगळं बोलली. सातव्या खेपेनंतर घरच्या अंधाऱ्या कोठीत एकटी शिरून ज्वारी घेऊन बाहेर आली. आठव्या खेपेला मात्र खुर्चीत दुसऱ्याच बाई. आधीच्यांची बदली झाली होती.

"हं, सांगा. पहिल्यापासून सांगा," नव्या बाई म्हणाल्या.

अंबिकाची कानशिलं तापली. पोलिसांना सांगून झालं, डॉक्टरांना, वकिलाला दोनदा, कोर्टात.

"कामून सांगू?" ती उभीच राहिली. "कपाटात फाइल हाय माझी. ती तुमी वाचायची, का मी दर खेपेला त्या गोदामात जायाचं? परवा मी कोठीत एकटी गेले, त्याचं इचारा की!"

बाई गडबडल्या. "फाइल शोधावी लागेल. पुढच्या मंगळवारी या."

आईनं बाहेरून सगळं ऐकलं होतं. परतताना बसमध्ये ती कुजबुजली, "बाईला असं बोलत्यात का? बंद करू आता हे. काई फरक पडंना तुला."

"पडलाय. तुला दिसंना गेलाय."

मंगळवारी वच्छलाबाई गुडघा धरून अंथरुणातच पडून राहिल्या. अंबिकानं नऊपर्यंत वाट पाहिली, मग चपला घातल्या आणि एकटीच बसथांब्यावर जाऊन उभी राहिली.

फाइल टेबलावर होती. "अर्धीच वाचून झाली," बाई ओशाळून म्हणाल्या.

"मग उरलेली वाचा," अंबिका म्हणाली. खुर्ची ओढून ती समोर बसली आणि बाईंनी शेवटचं पान उलटेपर्यंत हलली नाही.