मन्यारीण खालाचे हजरत उमर

बांगड्या भरताना मन्यारीण खाला बांगडीकडे कधी बघत नसे. ती बघायची समोरच्या बाईच्या तोंडाकडे, आणि गोष्ट सांगायची. ऐकणारीचा जीव गोष्टीत गुंतला की हात आपोआप सैल पडायचा आणि अरुंदातली अरुंद बांगडी मनगटात सरकून जायची. दुखायचंसुद्धा नाही. अमडापुरातल्या आम्हा पोरीबाळींना तिच्याखेरीज दुसरी मन्यारीण चालत नसे.

गोष्टी सगळ्या हजरत उमरांच्या. एवढ्या मुलखाचे खलिफा, पण रात्री वेश बदलून गल्लीबोळांतून हिंडायचे. उपाशी लेकरांची समजूत काढायला नुसतंच पाणी उकळत बसलेली बाई दिसली, तेव्हा पिठाचं पोतं त्यांनी स्वतःच्या पाठीवरून आणलं, नोकराला उचलू दिलं नाही. एवढं सांगून झालं की खाला आपली टोपली आपणच डोक्यावर चढवायची. आमचा गडी हात लावायला गेला तर त्याला दटावायची.

ती हे इतक्या घरोब्यानं सांगे, की मला वाटायचं हजरत उमर तिच्या नात्यातले असावेत आणि चिखलीकडे कुठंतरी राहत असावेत. माझं लग्न ठरल्यावर मी तिला विचारलंही, की ते येतील का. खाला डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. मग म्हणाली, "त्याहिले जाऊन लई जमाना झाला पोरी. पण तुह्यासाठी दुआ मांगतो मी."

लग्न जानेफळच्या घरात ठरलं होतं. व्याह्यांची ओळख थेट नागपूरच्या साहेबांपर्यंत, आणि विहीणबाई तशाच करारी. जानवशात आंघोळीचं पाणी कोमट निघालं म्हणून त्या सकाळीच रुसल्या होत्या. आईनं पदर पसरून समजूत काढली होती. आता आणखी काही बिनसलं तर वरात परत जाईल, ही धास्ती तिनं घेतली होती.

दुपारी ओसरीवर माझा चुडा भरून झाला. माझ्यामागून आमच्या शेतात निंदायला येणारी सखू बसली. एक बांगडी तिच्या हातात गेली नाही, तोच विहीणबाई आल्या आणि हात पुढे करून उभ्या राहिल्या. सखू घाबरली, हात ओढून घेऊ लागली. आईनं खालाला डोळ्यांनी खुणावलं. खालानं खूण पाहिली, पण सखूचा हात सोडला नाही. आमच्यासारख्या घरानं तिला बोलावणं बंद केलं तर गावातलं तिचं निम्मं गिऱ्हाईक तुटणार होतं, हे तिलाही कळत होतं.

"बसा बाई," ती शांतपणे म्हणाली. "हजरत उमर न् त्याहिचा नोकर, दोघात एकच उंट होता. बारीबारीनं बसत. शहराची येस आली न् बारी आली नोकराची. तिथं मोठे मोठे लोक वाट पाहून राह्यले होते. नोकर म्हणे, आता तुम्हीच बसा. ते काही बसले नाहीत. दोरी धरून पायी गेले. मी तं साधी मन्यारीण हाव."

सखूची शेवटची बांगडी जाईपर्यंत आई देवाचं नाव घेत होती. विहीणबाई तेवढा वेळ उभ्याच राहिल्या. मग सखू उठली, तिच्या जागेवर त्या बसल्या, बांगड्या भरून घेतल्या आणि तडक जानवशाला गेल्या. खालाला मी तेव्हा मनातून पुष्कळ शिव्या दिल्या.

लग्न पार पडलं. निघताना बैलगाडीभोवती बायकांचा घोळका जमला. आत्या, मावश्या, देशमुखांच्या सुना, एकेकीच्या गळ्यात पडून माझं रडणं चाललं होतं. खाला कडुनिंबाखाली लांब उभी होती. एवढ्या मोठ्या घरच्या बायकांत ती कशाला पुढं येईल? गाडीवानानं कासरा ओढला.

"थांब बे," शेजारी बसलेल्या माझ्या सासूबाई त्याला म्हणाल्या. मग कडुनिंबाकडे बघून त्यांनी मोठ्यानं हाक मारली, "या खालाबाई. तुमची बारी राह्यली."