डिस्चार्जचा कागद

"आधी पाकीट दाखवा." कोणी इंग्रजी कागद पुढे केला की कंपाउंडरकाका हात मागे घेऊन म्हणायचे. "शब्द कुठून आलाय ते कळल्याशिवाय मी अर्थ सांगत नाही."

लालबागच्या आमच्या चाळीत ते शेवटच्या खोलीत एकटेच राहत. दवाखान्यात औषधांच्या बाटल्या वाचता वाचता इंग्रजी शिकले आणि मलाही त्यांनीच शिकवलं. त्या जोरावर मी गिरणीच्या ऑफिसात टायपिस्ट झालो. त्यांच्या पाकिटाची आम्ही टिंगल करायचो. तुम्हीही केली असती. "काका, नोटीस म्हणजे काय?" असं विचारलं की म्हणत, "घरमालकाची की लग्नाची?"

'डिस्चार्ज' तर त्यांचा लाडका शब्द. "कोर्टातनं आला तर माणूस सुटला, इस्पितळातनं आला तर बरा झाला, आणि गिरणीतनं आला तर पोटावर पाय. एकच शब्द रे!"

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. समोरच्या मालवणी वयनींचा मुलगा आमच्याच गिरणीत होता. मोर्चात त्याच्या मांडीत गोळी घुसली. तो इस्पितळात पडून, आणि वयनी रोज तिथल्या बाकावर बसून परत येत. कधी सोडणार, एवढंच सगळी चाळ विचारायची.

एका दुपारी वयनी नुसताच कागद घेऊन काकांच्या दारात आल्या. पाकीट चुलीत गेलं होतं.

"भावजीनू, झिलाचो कागद इलोहा. वायच बघा."

काकांनी मुलाचं नाव वाचलं, खालचं 'डिस्चार्ज्ड' वाचलं. वर गिरणीचं नाव छापलेलं होतं, ते त्यांना दिसलंच नाही. पाकीटही त्यांनी मागितलं नाही.

"वयनी, पोराला सोडला! कपडे घेऊन जा!"

वयनींनी चाळभर साखर वाटली आणि धुतलेला सदरा घेऊन इस्पितळ गाठलं. मुलगा तापाने फणफणला होता. नर्सने कागद वाचून सांगितलं, हा आमचा नाही. न कळवता गैरहजर राहिला म्हणून गिरणीने याला कामावरून काढलंय.

वयनी परत आल्या तेव्हा काका जिन्यातच उभे होते. "मी वाचलंच नाही, वयनी. मला जे हवं होतं ते बोललो."

"माका पण ताच होया होता," वयनी म्हणाल्या आणि घरात गेल्या.

त्या दिवसापासून काकांनी कोणाचा कागद हातात धरला नाही. "त्याच्याकडे जा, तो गिरणीत आहे," म्हणून ते माणसं माझ्याकडे पाठवत. मला ते सहन होत नसे, कारण तो कागद मीच टाइप केला होता. साहेबांनी यादी टाकली आणि मी नावं टाइप करत गेलो. मुलाचं नाव ओळखलंही होतं. पण घरी येऊन वयनींना सांगायची माझी छाती झाली नाही. मी आदल्या संध्याकाळी तोंड उघडलं असतं, तर काकांवर ती पाळी आली नसती.

काका अंथरुणाला खिळले तेव्हा एकदाचं त्यांना हे सांगितलं. त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकून घेतलं.

"स्पेलिंग बरोबर होतं तुझं," ते म्हणाले आणि भिंतीकडे वळले.

त्याच आठवड्यात ते गेले.