सुभद्राकाकूंची रांग

सुभद्राकाकू माणसांना नावानं हाक मारत नसत, डब्यानं मारत. "ए निळं झाकण!" म्हटलं की पोस्टातल्या बाई पुढं होत. "ए पोचा डबा!" म्हटलं की रेल्वेतले शिंदेमामा विडी विझवून उठत. आमच्या घरी गोड्या तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा होता, वडिलांनी त्याला तारेची कडी लावलेली. त्यामुळं पाचवीत असल्यापासून मी काकूंच्या लेखी 'तेलाचा डबा' होते. पुढं मी परभणीच्या कॉलेजात जनसंचार शिकायला लागले, गळ्यात ओळखपत्र आलं, खांद्यावर कॅमेऱ्याची बॅग आली. तरी आमच्या पूर्णा गावात रेल्वे कॉलनीमागच्या काकूंच्या पिठाच्या गिरणीसमोर उभी राहिले की पट्ट्याच्या आवाजावर आवाज चढवून हाक येई, "ए तेलाचा डबा, ये पुढं!" एकदा सोबत कॉलेजची मैत्रीण होती, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

काकू उंच, हाडापेरानं मजबूत. पापण्यांपर्यंत पीठ. माहेर चुडाव्याचं, आणि चुडाव्याची माणसं कुणाला भीत नाहीत असं त्यांचं म्हणणं. नवरा गेला तेव्हा दीर गिरणी विकायचं बोलणं घेऊन आले होते. "वयनी, बाईमाणसाला पट्टा चढवता येत न्हाई," ते म्हणाले. तेरावा झाला आणि चौदाव्या दिवशी सकाळी काकूंनी पदर खोचला, पट्टा चढवला, आणि बाहेर येऊन दिराला म्हणाल्या, "चढला. आता तुमचं दळण असंल तर ठिवा रांगंत." हे मी ऐकलेलं आहे, पाहिलेलं नाही. पण त्या बाईला पाहिलेल्या कुणालाही ते खरं वाटेल.

ती रांग म्हणजे काकूंचा जीव. माणसं डबा ठेवून आपापल्या कामाला जात, डबा त्यांच्या जागी उभा राही. पहिला दळून निघाला की मागचे सगळे एकेक जागा पुढं सरकवायचे, आणि ते काम काकू स्वतः करत. दुसऱ्या कुणी डब्याला हात लावायचा नाही. त्यांच्या स्वतःच्या घरची ज्वारीसुद्धा एका पिवळ्या डब्यात रांगेतच उभी असे. "गिरणी तुमची, तुम्ही कशाला थांबता?" असं मी लहानपणी एकदा विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "हितं माणूस उभं ऱ्हात न्हाई ग, डबा ऱ्हातो. अन् डब्याला तोंड नसतंय. म्हणून त्याच्या बाजूनं म्या बोलते. मीच मधी घुसले तर बोलावं कुणी?"

मी आठवीत असताना पितळी कड्यांचा डबा आला. गावातल्या एका बड्या घरचा. नाव कशाला घ्यायचं, पूर्ण्यात पितळी कड्यांचा डबा एकच, आणि तो कुणाचा हे शेंबड्या पोराला माहीत. त्यांच्या ड्रायव्हरनं तो थेट सगळ्यात पुढं ठेवला. "साहेबांकडं पाव्हणे आलेत, बिगीनं द्या." काकूंनी पट्टा बंद केला. डबा उचलला, अख्ख्या रांगेच्या कडेनं चालत गेल्या आणि शेवटी, माझ्या तेलाच्या डब्याच्या मागं, ठेवला. "पाव्हण्यांना म्हणावं, तुमची भाकर रांगंत हाय." त्या घरचं दळण त्यानंतर तीन महिने दुसरीकडं गेलं. मग पुन्हा इथंच यायला लागलं, कारण दुसरीकडच्या पिठाची भाकरी थापताना चिरत होती. आणि आलं ते नंबरानं आलं.

अशा बाईची मी जाहिरात करायला निघाले. शेवटच्या वर्षाला आम्हाला प्रत्येकाला गावातल्या एका धंद्याची तीस सेकंदांची जाहिरात करायची होती. आधी कागदावर चौकटी काढायच्या, कोणत्या चौकटीत काय दिसेल, किती सेकंद दिसेल ते लिहायचं, मग शूटिंग. ज्याची सगळ्यात चांगली, त्याची दिवाळीच्या आठवड्यात स्थानिक केबलवर रोज लागणार होती. वडिलांनी ती लागणारच असं धरून जिंतूरपर्यंतच्या नातेवाइकांना फोन करून ठेवले होते. आमचे सरही पूर्ण्याचेच, माझ्याच सकाळच्या गाडीनं परभणीला येणारे. गाडीत त्यांनी माझ्या चौकटी पाहिल्या आणि मान डोलावली. चौकटींत माझी मामेबहीण पूजा होती, नवी साडी नेसून. पांढरंशुभ्र पीठ वरून झरत होतं. शेवटी 'शुद्धतेची परंपरा' असं काहीतरी होतं. काकू कुठल्याच चौकटीत नव्हत्या. त्यांचा पुढचा एक दात पडलेला होता, आणि मला त्याची लाज वाटत होती.

काकूंना याचं काही वाटलं नाही. "कर बाई काय करायचं ते. माझी गिरणी जाहिरातीबिगर बंद हाय का? पण तीस सेकंदात व्हतंय काय ग? तेवढ्यात पट्टा बी वेग घेत न्हाई."

रविवारी शूटिंग. पहिली ठिणगी लगेच उडाली. मला नुसता गिरणीचा आवाज हवा होता. म्हटलं, काकू, दोन मिनिटं रिकामी चालवा. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी त्यांना भर बाजारात नाचायला सांगितलं होतं. "रिकामी न्हाई चालवत. दगडावर दगड घासला की कच पडती. पयल्या माणसाच्या भाकरीत दाताखाली येती. तुझी जाहिरात व्हईल, अन् कचकच त्यानं खायाची का?" मी तोंड वाकडं केलं. त्या चहा प्यायला घरात गेल्या.

आणि त्या दहा मिनिटांत मी ते केलं. कॅमेऱ्यात मागं डब्यांची रांग दिसत होती, वेडीवाकडी, कुठं बादली, कुठं दोरी बांधलेली पिशवी. माझ्या चौकटीत ते बसत नव्हतं. मी चकचकीत स्टीलचे डबे पुढं घेतले, उंचीप्रमाणं लावले. पोचे आलेले मागं सरकवले. फुटक्या कानाची बादली दाराआड लपवली. आमचा तेलाचा डबाही त्या दिवशी रांगेत होता. तो मी सगळ्यात आधी लपवला, हे आज कबूल करते. चौकट सुंदर दिसायला लागली.

काकू बाहेर आल्या. चहाचा कप हातात तसाच राहिला. "रांग कुणी हलविली?"

"मी. उलसं सरकवलंय काकू, फोटोपुरतं."

"कुणाच्या मागं कोण व्हतं, सांग."

माझ्या डोक्यात फक्त उंची होती.

"तीन तासापासून त्यो पोचा डबा उभा हाय. शिंदेची ड्यूटी सुटायची हाय अन् घरी पीठ न्हाई. त्याला तू मागं ढकलला, कारण त्यो दिसायला बरा न्हाई! पितळी कड्यावाल्यानं केलं तेच तू केलंस की ग. त्यानं तरी एक डबा पुढं ठिवला. तू अख्खी रांग फिरविलीस."

त्या ओरडल्या नाहीत, याचाच मला जास्त राग आला. मीही उलटून बोलले. म्हटलं, डबेच आहेत ते, माणसं नाहीत. काकूंनी कप खाली ठेवला आणि एकेका डब्याचं झाकण उघडत बसल्या. मूठभर दाणे वर घ्यायच्या आणि मला सांगायच्या: ही पोस्टातली, हिच्या म्होरं बादली. ही बादली धुण्याभांड्याच्या कमळाची, हिच्या म्होरं पोचा डबा. अख्खी रांग त्यांनी डोक्यातून लावली आणि मला उचलायला लावली. मग संध्याकाळपर्यंत उभं केलं. जो डबा न्यायला येईल त्याला मी म्हणायचं, "मी तुमचा नंबर मोडला होता." पूजा कधीच कंटाळून निघून गेली होती. कमळाबाईंना मी ते वाक्य म्हटलं तेव्हा त्या नुसत्या बघत राहिल्या. कुणी आपला नंबर मोडल्याचं सांगायला त्यांच्या उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच आलं असावं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते तिथं.

घरी जाऊन मी चौकटी फाडल्या. नव्या काढल्या. कॅमेरा जमिनीवर, डब्यांच्या उंचीला. माणूस एकही नाही. पट्ट्याचा आवाज, आणि डबे एकेक जागा पुढं सरकताहेत. बादली, निळं झाकण, पोचा डबा, तेलाचा डबा. बाजूनं पितळी कड्यांचा डबा येतो आणि सगळ्यात पुढं बसतो. आवाज बंद. पिठानं पांढरा झालेला एक हात येतो, तो डबा उचलतो आणि रांगेच्या शेवटी, पिवळ्या डब्यामागं ठेवतो. पट्टा पुन्हा सुरू. काकूंचा आवाज: "नंबरानं या." बस. पितळी डबा खराच वापरला. ड्रायव्हरला विचारलं तर तो हसून म्हणाला, "घ्या की ताई, आमी न्हाई तर न्हाई, डबा तरी टीव्हीवर जाईल."

सरांनी ती नवी जाहिरात कॉलेजात पाहिली, पुन्हा पाहिली. "अश्विनी, ही सगळ्यात चांगली आहे," ते म्हणाले. मग खुर्ची जवळ ओढून हळू आवाजात म्हणाले, "फक्त तो डबा बदल. पितळी कड्या ओळखू येतात. ते साहेब आपल्या कॉलेजच्या संस्थेच्या मंडळावर आहेत, तुला माहीत आहे. एवढंसं काम आहे. घुसणारा डबा तेलाचा दाखव, तुझाच घे. उद्यापर्यंत दे, दिवाळीत लागेल."

एवढंसंच होतं खरं. परतीच्या गाडीत मी स्वतःला समजावत आले. वडिलांचे फोन आठवत होते. स्टेशनवरून तशीच गिरणीवर गेले आणि काकूंना सांगितलं. त्या टाकीनं गिरणीच्या दगडाला खाचा पाडत बसल्या होत्या. हात न थांबवता त्यांनी विचारलं, "तेलाच्या डब्यानं कधी रांग मोडली का ग?"

"नाही."

"बादलीनं?"

"नाही."

"मंग जे मोडत न्हाईत त्यांनाच चोर कामून करायलीस? गरिबाचा डबा घुसताना दाखवला की समद्यांना पटतंय, म्हणून?" मग टाकी बाजूला ठेवून म्हणाल्या, "गिरणी माझी, पण जाहिरात तुझी हाय. तू ठरव. म्या सांगणार न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीत मी सरांना म्हटलं, "सर, डबा बदलणार नाही." त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. परभणीला उतरताना म्हणाले, "मग माझा नाइलाज आहे." ते वाईट नव्हते. त्यांना नोकरी होती, एवढंच. मला काठावर पास होण्याइतके मार्क मिळाले. दिवाळीत केबलवर एका साडीच्या दुकानाची जाहिरात लागली आणि वडील आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

काकूंना मी माझी जाहिरात मोबाइलवर दाखवली. हात पुसून त्यांनी फोन लांब धरला. संपल्यावर म्हणाल्या, "दात दिसला न्हाई ते बरं झालं." म्हणजे त्यांना तेही कळलं होतं! मी तोंड लपवलं. मग मी म्हटलं, टीव्हीवर नाही आली काकू. त्यावर त्या चक्क हसल्या. "न्हाई तर न्हाई! हितं माझ्यासमोर रोज चालायलीय की ती. टीव्हीवाल्याला बगायची असंल तर ये म्हणावं डबा घिऊन."

गेल्या वर्षी काकू गेल्या. सकाळी गिरणी उघडून, दोन डबे दळून, तिसरा उचलताना. मी तेव्हा संभाजीनगरला एका जाहिरातीच्या ऑफिसात होते, आजही आहे. पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. मला कुणी सांगितलं की बातमी कळल्यावरही लोकांनी त्या दिवशी आपापले डबे उचलले नाहीत, रात्रभर रांग तशीच होती. मी खूप रडले.

आता सून वंदनावहिनी गिरणी चालवते. मागच्या महिन्यात सुट्टी संपवून निघायच्या दिवशी आईनं तेलाचा डबा हातात दिला, सोबत न्यायला ताजं पीठ म्हणून. पुढं सहा डबे होते. सहावा तो पिवळा, काकूंचा, अजून रांगेतच. माझी बॅग पाहून वहिनी म्हणाली, "ताई, तुमची गाडी हाय ना? द्या, आधी घालते. कोण काय म्हणतंय?"

खरंच कुणी काही म्हटलं नसतं. मी डबा पिवळ्या डब्याच्या मागं ठेवला आणि ओट्यावर बसले. थोड्या वेळानं गाडीची शिट्टी ऐकू आली, मग ती गेल्याचाही आवाज आला. ऑफिसातून फोन येत होता, तो मी बंद केला. डबे एकेक जागा पुढं सरकत होते. पिवळा डबा दळून निघाला, वहिनीनं हात झटकले आणि पट्ट्याच्या वर आवाज चढवला.

"ए तेलाचा डबा, ये पुढं!"