लंडनचे भावजी आणि गौरीचा नैवेद्य

आमचे धाकटे दीर लंडनला आचारी आहेत. 'शेफ' म्हणायचं, असं त्यांनी एकदा सगळ्यांना बजावलंय. तिकडे त्यांचं मोठं नाव, टीव्हीवर कार्यक्रम. थालीपिठावर बकरीच्या दुधाचं चीज घालून गोऱ्यांना खिलवतात आणि त्याला फ्यूजन म्हणतात. 'माझी पहिली गुरू माझी आई' हे वाक्य प्रत्येक मुलाखतीत ठरलेलं. मी लग्न होऊन आले तेव्हा हे गृहस्थ स्वतः प्यालेला पेलासुद्धा जागचा हलवत नसत.

त्या वर्षी गौरी-गणपतीत ते कॅमेरेवाल्यांना घेऊन आमच्या वारज्याच्या फ्लॅटवर येणार, असं ठरलं. सासूबाईंना गुडघ्यांमुळे ओट्यापाशी उभं राहवत नसे. बरीच वर्षं सणाचा स्वयंपाक मीच करत होते. पण बातमी कळल्यापासून त्यांचं एकच, "यंदा नैवेद्य माझा मुलगा करणार. जगाला खाऊ घालतो, एकदा माझ्या गौरीलाही घालू दे." मला झोंबलं. चांगलंच झोंबलं! तरी मार्केट यार्डातून सोळा भाज्या आणल्या, निवडल्या, चिरल्या. भावजींना नुसतं परतायचं होतं ना.

"वहिनी, पुरणात थोडं जपानी मिसो घालू?"

"घाला की. गौरी माहेरी आलीये, जपानला नाही, एवढं फक्त ध्यानात असू द्या."

ते हसले आणि ती आंबवलेल्या सोयाबीनची खारट चटणी घातलीच.

कॅमेरा सुरू झाला. भावजी सोवळं नेसून उभे. आमटीला उकळी आली, तसा त्यांनी चमचा बुडवला, तोंडात घातला, डोळे मिटून "वाव!" म्हणाले आणि तोच चमचा पुन्हा आमटीत. मग भाज्यांत. मग पुरणात.

अहो, नैवेद्याचा स्वयंपाक चाखत नाहीत! मीठ अंदाजाने, गूळ अंदाजाने. आधी देवीला दाखवायचं, मग खारट झालंय की अळणी ते कळायचं. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं.

मी तोंड उघडणार, तोच खुर्चीवर बसलेल्या सासूबाईंनी माझा हात दाबला. चेहरा पार उतरला होता त्यांचा. परक्यांसमोर लेकाचा पाणउतारा त्या करणार नव्हत्या. हळूच म्हणाल्या, "तू वरण-भाताचा कुकर लाव."

गौरींपुढे वरण-भात, तूप आणि लिंबाची फोड. सोळा भाज्यांच्या घरात! मला रागही आला आणि रडूही. भावजी हात पुसत बाहेर आले.

"आई, हे काय? मी केलेलं कुठंय?"

"ते उष्टं झालंय रे."

"चाखायला नको? जगातला प्रत्येक शेफ चाखतो!"

सासूबाईंनी त्यांच्या हातची पुरणपोळी पुढे ओढली आणि मिसोसकट तुकडा मोडला. "लेकराचं उष्टं मी जन्मभर खाल्लंय, आजही खाते. तिने का खावं?"

कार्यक्रमात हे वाक्य नाही. सासूबाई पोळी खाताहेत, डोळ्यांतून पाणी वाहतंय, एवढंच दिसतं. त्यावर भावजी इंग्रजीत सांगतात, की माझ्या हातची चव घेऊन आईला भरून आलं.