गालाला न बसणारी फिल्म

आठवीतून शाळा सुटली आणि परभणीकडचा मी बोईसरला येऊन ठेकेदाराच्या हाताखाली रंगाच्या कारखान्यात लागलो. तिथल्या वाफांनी छाती कोंडायची. शेजारच्या औषध कंपनीतल्या मॅडमनी मला प्रयोगशाळेत भांडी धुवायला घेतलं, हे उपकार मी अजून मानतो. पण घेतलं होतं ते एका फिल्मच्या कामापुरतं. ती फिल्म जमली नाही तर कंपनीचे साहेब काम बंद करणार आणि मी परत रंगात जाणार, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

तोंडातल्या फोडांवर लावायची पातळ पट्टी म्हणजे ती फिल्म. दांडी गावच्या कोळणींकडून कोळंबीची टरफलं आणायची, धुवायची, आधी अ‍ॅसिडात आणि मग कॉस्टिक सोड्यात उकळायची. उरलेल्या पांढऱ्या चुऱ्यात मॅडम आणखी काही रसायनं मिसळून त्याची खळ करत. ती मी काचेवर ओतून वाळवायचो, पापुद्रा सोडवायचो आणि नखाएवढे तुकडे कापायचो. तुकडा गालाला आतून चिकटून राहिला की औषध सावकाश फोडावर उतरणार. माझ्या कपड्यांना कायम टरफलांचा वास. मी कुंभवली गावात राहायचो, तिथली घरमालकीण म्हणे, "रोज कोलंबी खातोस नि आमाला नुसता वास?" मी माशाला हातसुद्धा लावत नव्हतो.

खाटकाकडून आणलेल्या बोकडाच्या गालाला आतून फिल्म अशी बसायची की ओढून काढावी लागे. म्हणून मॅडमनी औषध न घातलेली कोरी फिल्म पॅकिंगच्या माणसांना लावून बघायचं ठरवलं. त्यांच्या तोंडात मात्र ती चहा पिऊन होईपर्यंतही टिकेना. मॅडमनी जाडी बदलली, खळ बदलली. मी पुन्हा टरफलं उकळली. पुन्हा तेच. लावण्याआधी प्रत्येकाला मी विचारायचो, काही खाल्लंय का?

"आमी काय बी खाल्लं नाय."

उत्तरेकडचा एक कामगार तर मलाच म्हणाला, "भैया, तेरी पन्नी में दम नहीं है."

रात्री झोप लागायची नाही. साहेब दारावरून गेले तरी मी धुतलेलं भांडं पुन्हा धुवायला घ्यायचो.

एकदा माणसं यायला उशीर झाला म्हणून मी नळावर बोलवायला गेलो. सगळे रांगेत उभे राहून चुळा भरत होते. एकानं गालातली तंबाखू थुंकली आणि बोटाचा चुना भिंतीला पुसला.

"काही खाल्लं नाही म्हणता ना रोज?"

"तंबाखू काय खानं हाय? पोटात जातं काय ते?" कुंभवलीचा एक जण म्हणाला. "आनि मॅडमसमोर घान तोंडानं कसं यावं? म्हनून तर चूळ भरतो."

माझं डोकं फिरलं. इतक्या दिवसांची उकळाउकळ, आणि हे सभ्यपणे चूळ भरून येत होते.

मी जाऊन मॅडमना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, टरफलांच्या या पदार्थाला चिकटायला जरा आंबट ओल लागते, चुना ती मारून टाकतो, आणि चूळ भरली तरी तो गालात उरतो. मी लगेच म्हणालो, "मग तंबाखू न खाणारी माणसं आणतो. चिकटेल. साहेबही गप्प बसतील."

"फोड कुणाला येतात रे?" त्यांनी विचारलं. "ही यांच्याच तोंडात टिकायला हवी."

मला रडू यायचं बाकी होतं. त्या तशाच उठून साहेबांकडे गेल्या. परत आल्या तेव्हा चेहरा उतरलेला, पण कामाला थोडी मुदत वाढवून मिळाली होती. मीही राहिलो. कोळंबी सोडून आता चिंचोके; त्यांच्या खळीला चुना बाधत नाही, असं मॅडम म्हणाल्या. ते भाजा, सोला, दळा, त्यांची खळ करा. पहिलीच खळ ओतली आणि वाळल्यावर काचेवरून सुटेना. सकाळभर ब्लेडनं खरवडत बसलो. खिडकीतून पॅकिंगवाला डोकावला.

"चिकटलं काय आज?"

"चिकटलं. काचेला," मी म्हणालो आणि खरवडत राहिलो.