परसूच्या हातावरचं पॉलिश

आमच्या निपाणीकडच्या परसूला बंगळुरात जाऊन शिंगं फुटली. सदुसष्ट साली तो तिथल्या एका प्रयोगशाळेत कपाटं पुसायचा. चिकपेटेतल्या कापडवाल्या फत्तेसिंगांना मात्र त्यानं सांगितलेलं, “मी पृथ्वीसिंग, शास्त्रज्ञांचा उजवा हात. आई-बाप वारले.” बाप खरंच मेला होता. आई यल्लव्वा तंबाखूच्या वखारीत खोकत जिवंत होती. फत्तेसिंग पोरगी द्यायला तयार झाले.

अडचण मनगटापाशी होती. ल्हानपणी जत्रेत आईनं गोंदवून घेतलेलं, ‘यल्लव्वाचा परसू’. पोरगी बघायला जाताना ह्या शहाण्यानं त्यावर काळं बूटपॉलिश थापलं आणि जन्मखूण म्हणून खपवलं. पण लग्नानंतर आंघोळ करावीच लागणार की! म्हणून गोंदण घालवून घ्यायला तो प्रयोगशाळेतल्या उपेंद्र सरांच्या पाया पडला. त्यांच्याकडं लेसरचं नवं यंत्र होतं. लाल उजेडाचा फटका मारून ते बकऱ्याच्या कातड्यावर कायबाय तपासायचे.

सर म्हणाले, “कातडीत उजेड सरळ जात नाही. दुधात बॅटरी मारल्यागत पसरतो. काळं भेटलं की तिथंच जिरतो आणि तापतो. शाई गडद आणि खोल असते, म्हणून ती जळते आणि वरची कातडी बहुतेक वाचते. पण हे तर सगळंच काळं दिसतंय. वर काही लावलंयस?”

प्रयोगशाळेतही गडी पृथ्वीसिंगच होता. नाव कसा दाखवणार?

“न्हाई सर. गोंदणच तसलं हाय.”

यंत्र कडाडलं. उजेड पॉलिशमध्येच जिरला, शाईपर्यंत पोचलाच न्हाई. कातडी चरचरली, आणि परसू बोंबलला, “आई गं!” वारलेल्या आईलाच.

साखरपुड्याला लांब बाह्यांचा सदरा घालून गेला. फत्तेसिंगांनी जावयाला घड्याळ आणलेलं. त्यांची बायको गोजराबाई बांधायला पुढं झाली.

“स्वल्प, थोडी बाही वर घ्या.”

“राहू द्या, मी नंतर...” म्हणेपर्यंत तिनं बाही सारली. खपली पडून गुलाबी कातडी आलेली, आणि तिच्यावर हिरवी अक्षरं पाटीवर लिहिल्यागत ठसठशीत.

“अहो, जन्मखूण कुठं गेली?” बाईनं सावकाश वाचलं. “यल्लव्वा कोण?”

“आमची मोलकरीण.”

“मग तिचं पोर तुमच्या हातावर काय करतंय?”

फत्तेसिंगांनी घड्याळ डबीत ठेवलं. “सरी, ठीक आहे. परसू, कॉफी पिऊन जा.”

आणि बेण्यानं बसून कॉफी प्यालीसुद्धा.