क्रोशाच्या रुमालाखालची बुखारी

दादाच्या हिमाचलातल्या घरी पोचले तेव्हा बाहेर बर्फ साचला होता आणि दिवाणखान्यातल्या बुखारीवर क्रोशाचा रुमाल घातलेला होता. वर प्लास्टिकच्या फुलांची फुलदाणी. लाकडं जाळून घर गरम ठेवायची ती लोखंडी शेगडी, आणि तिच्यावर रुमाल! मी बघतच राहिले.

"थांब, आता पेटवतो," दादा म्हणाला. "पाहुणे आले की पेटवतोच आम्ही. एरवी राख उडून सोफा खराब होतो."

ही बुखारी निवडायला त्याने गावातली सगळी दुकानं पालथी घातली होती. ज्वाळा दिसाव्यात म्हणून काचेचं दार घेतलं, सोफ्याला शोभेल असा रंग घेतला. घरात गारठतं कोण, तेवढं बघायचं राहिलं.

चांगल्या कपबश्या कपाटात, चांगली चादर ट्रंकेत. आपल्याकडची ही रीत मी जन्मभर पाहिली आहे. पण ऊबसुद्धा पाहुण्यांसाठी राखून ठेवायची? आणि घरच्यांनी काय, स्वेटरवर स्वेटर चढवून कुडकुडायचं?

वहिनीने चहा आणून दिला. कप घेताना तिची बोटं लागली, गारठून ताठ झालेली. ती लगेच पोळ्या लाटायला आत वळली. माझा संताप मावेना. बुखारीसमोरची खुर्ची उचलून मी तिच्यामागे निघाले.

ती लगबगीने स्वयंपाकघराच्या दारात आडवी आली.

"अहो ताई, इकडे कुठे? आत फार थंडी आहे. तुम्हाला नाही सोसायची."